डाय फेल्ट नीट कापत नाही, रिंगमध्ये सुरकुत्या पडतात: दोष कुठे आहे आणि काय करायचं

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आले की हा प्रश्न हमखास येतो. कार्डशीटवर सुरेख चालणारी डाय (आकार कापणारं पातं असलेला पत्रा) रुळाच्या मशीनमधून फेल्टवर चालवली की पाकळी तीन बाजूंनी सुटते आणि चौथ्या बाजूला लोंबत राहते. ओढली की फेल्ट ताणलं जातं आणि कड केसाळ होते. मग जाड शिम (दाब वाढवायला प्लेटखाली घालायचा कागद), मग मशीनवर आणखी जोर, आणि शेवटी वाकलेली डाय. हे सगळं निभावून तुकडे भरतकामाच्या रिंगमधल्या कापडावर चिकटवले, तर दुसऱ्या दिवशी कापडाला सुरकुत्या पडलेल्या असतात.

कागदासाठी बनवलेल्या पातळ पत्र्याच्या डाय जेमतेम मिलिमीटरभर जाड असतात आणि त्यांच्या पात्याची उंची त्याहूनही कमी. कार्डशीट साधारण ०.३ मिमी जाड असते आणि दाबाखाली फारशी दबत नाही, म्हणून पातं आरपार जातं. फेल्ट विणलेलं नसतं, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा तो थर असतो. पातं आलं की तंतू बाजूला सरकतात, दबतात, आणि दाब गेला की पुन्हा फुगतात. मशीनचा जोर वाढवून हे सुटत नाही. फेल्टला कापण्यापुरतं कागदासारखं वागायला लावावं लागतं.

आधी दोषी कोण ते ठरवा

यासाठी पाच मिनिटांची एक चाचणी पुरते. फेल्ट ज्या ठिकाणी सुटलं नाही, त्या ठिकाणी डायच्या पाठीवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. मशीनची प्लेट, म्हणजे ज्या पाटीवर फेल्ट कापलं जातं ती, जिथल्या तिथे ठेवा, फक्त डाय अर्धा फेरा फिरवून ठेवा आणि फेल्टचा नवा तुकडा कापा.

न कापलेली जागा टेपबरोबर फिरली, तर दोष डायचा. त्या ठिकाणी पात्यात जुने तंतू अडकलेले असतात किंवा पातं दबलेलं असतं. डाय खिडकीजवळ तिरपी धरा. चांगल्या पात्याची कड एकसलग चमकते, दबलेल्या जागी ती चमक तुटते. तंतू असतील तर जुन्या टूथब्रशने झाडा, सुरीने खरवडू नका. पातं दबलेलं असेल तर ती डाय कागदासाठी ठेवा, फेल्टवर ती पुन्हा साथ देणार नाही.

न कापलेली जागा टेपबरोबर न फिरता प्लेटच्या त्याच कोपऱ्यात राहिली, तर दोष प्लेटचा. बहुतेक वेळा हेच निघतं. प्लेटवरून नख फिरवा. जुन्या डायच्या आकाराच्या चऱ्या लागतील. कागदाला त्यांनी फरक पडत नाही, पण फेल्टचे तंतू त्या चरीत ढकलले जातात आणि पातं त्यांना कापायच्या ऐवजी खाली दाबून ठेवतं. तुकड्याच्या मागच्या बाजूला दाढीसारखे केस राहतात ते यामुळेच. फेल्टसाठी एक नवी प्लेट वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करने ‘फेल्ट’ लिहा आणि कार्डशीटला तिच्या वाटेला जाऊ देऊ नका. चरीत बसलेली लव रुंद सेलोटेप दाबून उचलली की निघते.

प्लेट वाकलेली असली तरी असंच होतं. ओट्याच्या सपाट दगडावर ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बोटं दाबा. डुगडुगली तर वाकलेली आहे. दर चार-पाच फेऱ्यांनंतर प्लेट उलटी करून वापरली की बाक एका बाजूला साचत नाही.

तिसरी शक्यता: कडा सुटतात आणि फक्त मधला भाग राहतो, तोही फक्त मोठ्या डायमध्ये. मोठ्या डायच्या मध्यावर दाब कमी पडतो, म्हणून शिम मध्यावरच हवी. पूर्ण प्लेटवर कागद वाढवलात तर आधीच कापलेल्या कडांवर नाहक जोर येईल.

आणि चौथी: सगळीकडेच थोडंथोडं राहतं. मग डाय आणि प्लेट निर्दोष, फेल्ट जाड आहे.

फेल्ट: जाडी आणि जात

दुकानात फेल्टच्या पाकिटावर जाडी लिहिलेली असेलच असं नाही. त्याच प्रकारचे दहा तुकडे रचा, वर एक पुस्तक अलगद ठेवा आणि पट्टीने उंची मोजा. १० मिमी भरली तर फेल्ट १ मिमीचं. पातळ डायसाठी १ मिमी उत्तम, १.५ मिमी साध्या आकारांना चालतं, २ मिमीला हात लावू नका. २ मिमीसाठी लाकडी पाट्यात बसवलेल्या पोलादी पात्याच्या जाड डाय असतात. बिग शॉटसारख्या डाय कापायच्या मशीनवर त्या चालतात आणि फेल्टचे दोन थरही एका फेरीत सोडवतात. अशी डाय नसेल, तर पातळ डायची बाह्यरेषा खडूने आखून कात्रीने कापणं जास्त शहाणपणाचं. साध्या गोलासाठी तर मशीन काढूच नका.

जातीचं म्हणाल तर आपल्याकडे स्वस्तात मिळतं ते पॉलिएस्टरचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं. यातले तंतू लांब आणि चिवट, म्हणून ते कापताना ताणले जातात. लोकर मिसळलेलं फेल्ट स्वच्छ कापलं जातं, पण महाग पडतं आणि त्याचा गडद लाल रंग पाणी लागलं की उतरू शकतो. पांढऱ्या कापडावर लाल जास्वंद लावायची असेल, तर आधी एक तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा.

फेल्ट दोन्ही दिशांना सारखं ताणलं जात नाही हे फार जणांच्या लक्षात येत नाही. हातात धरून आडवं-उभं ओढून बघा, एका दिशेला ते जास्त येतं. ती दिशा मशीनच्या चालीच्या दिशेत आली तर रूळ फेल्टला पुढे लोटतो आणि ४० मिमीचा गोल ४२ मिमी लांब, अंडाकृती निघतो. म्हणून कमी ताणणारी दिशा मशीनच्या चालीत ठेवा.

कडक करण्याचे दोन मार्ग

पहिला फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा. इंदूरच्या सीतलामाता बाजारात कापडाच्या किंवा शिलाई-सामानाच्या दुकानात ‘पतला वाला चिपकाने का फ्यूजिंग’ असं मागा. कागदासारखं पातळ, एका बाजूला चकाकणारे गोंदाचे ठिपके असलेलं हवं. शर्टच्या कॉलरचं जाड बकरम दिलं तर परत करा, त्याने जाडीच वाढते आणि मूळ तक्रार दुप्पट होते.

फेल्टच्या मागच्या बाजूवर ठिपक्यांची बाजू ठेवा, वर सुती रुमाल, आणि इस्त्री सिंथेटिकच्या खुणेवर. दहा सेकंद दाबून धरा, उचला, पुढच्या जागी ठेवा. घासायची नाही, घासली की फेल्ट लांबतं. अ‍ॅक्रिलिक उष्णतेला फार हळवं असतं, कोपऱ्यात चाचणी घेतल्याशिवाय पूर्ण शीट लावू नका. पृष्ठभाग काचेसारखा चमकू लागला किंवा आक्रसला तर उष्णता जास्त झाली. चिकटल्यावर शीट सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना कापलं तर गोंद पात्याला लागतो.

दुसरा मार्ग खळीचा. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर अर्धा लिटर पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, सतत ढवळत उकळी आणा, गार करा, गाळून स्प्रेच्या बाटलीत भरा. साबुदाण्याचीही खळ चालते, पण इंदूरच्या घरात साबुदाणा खिचडी सोडून फेल्टकडे जाईल अशी आशा धरू नका. फेल्टच्या दोन्ही बाजूंवर हलका फवारा द्या, सपाट वाळवा, सुकल्यावर रुमालाखाली दाबून इस्त्री करा. खळ त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी तिला वास येतो.

कोणता मार्ग कधी, हे ऋतूवर ठरतं. राखीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत हवेत दमटपणा असतो आणि खळ लावलेलं फेल्ट संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. त्या दिवसांत फ्यूजिंगच. दिवाळीनंतर, संक्रांतीच्या पतंगांसाठी, खळ छान काम देते. दोन्ही बाबतींत एक नियम पक्का: ओलसर फेल्ट डायखाली घालायचं नाही. पात्यावर गंज धरतो.

सँडविच कसं रचायचं

सँडविच म्हणजे मशीनमध्ये घालायचे प्लेट, फेल्ट आणि डाय यांचे थर. फेल्टची दर्शनी बाजू पात्याकडे, फ्यूजिंगची बाजू प्लेटकडे. पातं ज्या बाजूने शिरतं ती कड आत दबून स्वच्छ दिसते, केस निघतातच तर मागच्या बाजूला निघतात. कोयरीसारख्या एकतर्फी आकाराची जोडी हवी असेल, तर दुसरी कोयरी फेल्ट उलटं ठेवून कापावी लागते. तिची कड थोडी कमी नीट येणार हे गृहीत धरा आणि ती रिंगच्या खालच्या बाजूला लावा.

डाय आणि फेल्टच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा घाला. तो फेल्टबरोबर कापला जातो, पण तंतू पात्याच्या खोबणीत घट्ट बसत नाहीत आणि तुकडा सुईच्या टोकाने अलगद बाहेर येतो.

आता शिम. ३०० जीएसएमच्या कार्डशीटचा एक तुकडा प्लेटखाली ठेवा आणि चालवून बघा. नाही भागलं तर दुसरा. तिसऱ्याची वेळ आली तर थांबा, फेल्ट बदला. प्लेटमधून बारीक कटकट आवाज येणं नेहमीचं आहे. हँडल अडकणं, दोन्ही हातांनी ओढावं लागणं नेहमीचं नाही. तिथून उलटा फिरवून सँडविच बाहेर काढा.

एका फेरीत सुटलं नाही तर डाय उचलून बघू नका. उचलली की पातं त्याच रेषेवर परत बसत नाही आणि दुहेरी कड निघते. म्हणून सुरुवातीलाच डाय फेल्टला मास्किंग टेपने दोन ठिकाणी पक्की करा. पुढे-मागे दोन फेऱ्या द्या. मग टेपने जोडलेली डाय आणि फेल्ट प्लेटवर एकत्रच पाव फेरा फिरवून ठेवा आणि आणखी एक फेरी द्या. डायची लांब सरळ कड रुळाला समांतर ठेवली तर सगळा जोर एकाच क्षणी तिच्यावर येतो, म्हणून तिला थोडी तिरपी ठेवा.

कोणते आकार कापावेत

बाजारातल्या बहुतेक डाय परदेशी सणांच्या असतात: हिमकण, देवदार, घंटा. त्यात मोदक शोधत बसू नका, साध्या आकारांतून तो काढा. हिमकण तर मुळातच टाळा. डायची कापण्याची रेषा जेवढी लांब, तेवढा दाब जास्त लागतो. हिमकणाची रेषा त्याच मापाच्या गोलाच्या कित्येक पट असते, आणि त्याचे २ मिमीचे दुवे फेल्टमध्ये हमखास तुटतात. ५ मिमीपेक्षा अरुंद भाग नको, २५ मिमीपेक्षा लहान तुकडा नको. शिवताना तो बोटात राहत नाही.

मोदकाला साधारण ४५ मिमीची थेंबाची डाय घ्या. पांढरं किंवा हलकं पिवळसर फेल्ट. खालचे ३ मिमी कात्रीने सरळ कापले की तो ताटलीत बसल्यासारखा दिसतो. कळ्या डायने काढू नका. दोन पदरी धाग्याने टोकापासून खाली सात ओळी उलट टिपेच्या घाला, मधली सरळ आणि बाजूच्या बाहेर झुकत्या. ८ इंची रिंगमध्ये पाच मोदक सुटसुटीत बसतात. एकवीसचा हट्ट असेल तर कागदावर मांडून बघा, आपोआप जाईल.

जास्वंदीला ३५ मिमीच्या बदामाच्या डायने पाच पाकळ्या कापा. टोकं मध्यावर आणा, प्रत्येक पाकळी शेजारणीवर ५ मिमी चढवा. मधला दांडा पिवळ्या धाग्याने देठाच्या टाक्यात काढा आणि शेवटी पाच-सहा गाठी घाला. झेंडूला लाटेरी कडेचे तीन गोल, ५०, ४० आणि ३० मिमीचे. प्रत्येक वरचा गोल अर्धी लाट फिरवून ठेवा आणि फक्त मध्यावर तीन टाके मारा, म्हणजे कडा उचललेल्या राहतात आणि फूल भरगच्च दिसतं. पणती म्हणजे गोलाचा अर्धा भाग, ज्योत म्हणजे मोदकाचीच थेंबडाय.

दूर्वा मात्र फेल्टमध्ये नको. २ मिमीची हिरवी पट्टी कापताना तुटते, लावल्यावर पिळते. सहा पदरी हिरव्या धाग्याचा लांब टाका घातला की दूर्वा दूर्वेसारखी दिसते.

रिंगमधल्या सुरकुत्या

इथे फेल्टचा दोष क्वचितच असतो, दोष मुख्यतः खालच्या कापडाचा. मांजरपाट किंवा कॅसमेंट सर्वांत सोपं. बाग प्रिंटचं (मध्य प्रदेशातल्या बाग गावच्या ठशांच्या छपाईचं) सुती कापडही चांगलं, फक्त ठसा इतका गर्दीचा नको की झेंडू त्यात हरवेल. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं सुती कापड पहिल्या ओल्या गोंदानेच आक्रसतं. माहेश्वरी साडीचा उरलेला तुकडा काठासकट लावायचा मोह होतो, आणि तो फार देखणा दिसतो. पण त्याचं रेशमी-सुती पोत रिंगमधून घसरतं, म्हणून त्याच्या खाली मांजरपाटाचं अस्तर घेऊन दोन्ही एकत्र ताणा.

रिंगच्या आतल्या वर्तुळाला सुती टेप तिरपी गुंडाळून घ्या, टोक दोन टाक्यांनी पक्कं करा. गुळगुळीत लाकडावर कापडाला पकड मिळत नाही, टेपवर मिळते. बाहेरच्या रिंगपेक्षा सगळीकडून ४ सेंमी जास्त कापड कापा.

ताणण्याचा क्रम महत्त्वाचा. स्क्रू वर, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी, आणि कापडाचा उभा धागा त्याच्या रेषेत. हे आत्ताच जमवा. टांगण्याची दोरी स्क्रूला बांधली जाणार आहे, नंतर लक्षात आलं तर गणपती तिरपे लटकतील. स्क्रू अर्धा आवळा. बारा, सहा, तीन, नऊ या चार जागी कापड ओढा, पुन्हा आवळा, पुन्हा ओढा. कोपऱ्यांतून तिरपं ओढायचं नाही, तिरप्या दिशेला कापड लांबतं आणि फुलाभोवती लाटा उठतात. बोटाने टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज यायला हवा. शेवटचा अर्धा फेरा पकडीने द्या, बोटांनी तो येत नाही.

भरतकाम आधी, फेल्ट नंतर. देठ, पानं, अक्षरं ताणलेल्या कापडावर पूर्ण करा. मग फेल्टचे तुकडे न चिकटवता मांडून बघा, रिंगच्या कडेपासून १५ मिमी मोकळी ठेवा.

गोंद आणि टाके

कापडावर पांढरा गोंद पसरून फेल्ट दाबलं की गोंदाचं पाणी कापडात जातं आणि कापड फुलतं. वाळताना ते फेल्टच्या कडेभोवती आक्रसतं. त्या चकत्यांसारख्या सुरकुत्या नंतर कितीही ताणलं तरी जात नाहीत. गोंद कडेपासून ५ मिमी आत, उडदाच्या दाण्याएवढ्या तीन-चार ठिपक्यांत लावा. मागून एक पुठ्ठा, वरून एक पुस्तक, अर्धा तास. गोंदाचं काम तुकडा जागेवर धरण्याचं, बाकी टाक्यांनी करायचं.

ग्लू गन जलद काम करते, पण तिचा गोंद फेल्टच्या वरच्या लवेलाच पकडतो, आत शिरत नाही. ओढलं की लवेसकट निघतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात तापणाऱ्या दारावर रिंग टांगली तर तो मऊ पडतो आणि मोदक एकेक करून खाली येतात. रिबिनीची गाठ मागून पक्की करायला ग्लू गन ठीक.

कडेला काजटाका घाला, दोन पदरी धागा, टाके ४ मिमीवर, खोली ३ मिमी. सुई फेल्टमधून खाली गेली की धागा ओढून घट्ट करू नका, नुसता टेकू द्या. काजटाका घट्ट झाला की फेल्टची कड वाटीसारखी वर वळते, आणि मग दोष डायच्या माथी मारला जातो. घाई असेल तर कडेपासून २ मिमी आत धावदोरा पुरे. झेंडूला काजटाका घालायचा नाही, त्याच्या कडा मोकळ्याच हव्यात.

मागची बाजू आणि पावसाळा संपल्यावर

भरतकाम संपलं की मागच्या जास्तीच्या कापडाला कडेपासून १ सेंमीवर मोठा धावदोरा घाला, ओढून चुण्या करा आणि गाठ मारा. वर आतल्या रिंगच्या मापाचा फेल्टचा गोल ठेवून चुण्यांना टाके मारा. हा गोल कात्रीनेच कापा, तो कुणी बघणार नाही. जड फुलं असतील तर फेल्ट लावण्याआधी पातळ पुठ्ठ्याचा गोल आत सरकवा, म्हणजे झेंडूच्या ओझ्याने कापड पुढे झुकत नाही.

गणपतीत लावलेली रिंग नवरात्रात ढिली दिसते ही तक्रारही ठरलेली. दमट हवेत लाकूड आणि बांबू फुगतात, पाऊस सरला की आक्रसतात. कापड सैल झालेलं नसतं, पकड कमी झालेली असते. मागचा गोल उसवायची गरज नाही. रिंग पालथी धरून स्क्रू पकडीने पाव फेरा आवळा, पुढच्या बाजूने टिचकी मारून आवाज ऐका, आणि लागला तर आणखी पाव फेरा.